पांढरीखालची गावं शोधणारे गुरुजी : डॉ. ह. धी. सांकळिया



पाचवीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये अश्मयुग, पहिली शेती, पहिली गावं असा भाग येतो. मुलं पाठ करतात, स्वाध्याय लिहितात, पण एक प्रश्न हमखास विचारतात. हे सगळं लिहून ठेवायला त्या वेळी कोण होतं? प्रश्न बरोबर आहे. लिहून ठेवायला कोणीच नव्हतं. मग कळलं कसं? याचं उत्तर द्यायचं तर ज्यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या नदीकाठची हरवलेली गावं जमिनीतून वर काढली, त्या माणसाची ओळख मुलांना करून द्यायला पाहिजे. ते म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया. इतिहासाच्या अभ्यासकांत हे नाव फार मोठं आहे, पण प्राथमिक शाळेच्या वर्गात ते क्वचितच ऐकू येतं. म्हणून आजचा हा पाठ.

सांकळियांचा जन्म 10 डिसेंबर 1908 रोजी मुंबईत झाला. घर गुजराती, वडील वकील. लहानपणी प्रकृती अगदी तोळामासा. पुढे हाच मुलगा उन्हातान्हात नद्यांचे काठ पालथे घालील असं तेव्हा कुणाला वाटलं नसणार. तरुण वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांचं आर्यांच्या मूळ वसतिस्थानाविषयीचं पुस्तक पडलं. त्यातलं सगळं समजलं असेल असं नाही, पण आपला फार जुना काळ शोधून काढता येतो ही गोष्ट मनात घट्ट बसली. त्यासाठी संस्कृत यायला हवं म्हणून त्यांनी संस्कृत घेतलं. एम. ए. साठी विषय निवडला नालंदा विद्यापीठाचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास नावाचे स्पॅनिश इतिहासतज्ज्ञ होते, त्यांच्या हाताखाली हा अभ्यास झाला. म्हणजे बघा, पहिलाच मोठा अभ्यास एका नाहीशा झालेल्या शाळेचा!

त्यानंतर ते लंडनला गेले. तिथे पीएच. डी. केली ती गुजरातच्या पुरातत्त्वावर. पण पदवीपेक्षा मोठी शिदोरी वेगळीच मिळाली. मॉर्टिमर व्हीलर नावाचे नामवंत उत्खननतज्ज्ञ त्या काळी इंग्लंडमध्ये मेडन कॅसल या जुन्या किल्ल्याच्या जागी खोदकाम करत होते. तिथे सांकळियांनी प्रत्यक्ष काम केलं. माती कशी खणायची, थर कसा ओळखायचा, सापडलेल्या वस्तूची नोंद कशी करायची हे हाताने शिकले. व्हीलर पुढे भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले.

1939 साल महत्त्वाचं. पुण्याचं डेक्कन कॉलेज, जिथे टिळक शिकले, ते 1934 मध्ये बंद पडलं होतं. ते पाच वर्षांनी संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि सांकळिया तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इरावती कर्वेही त्याच वर्षी तिथे आल्या. तेव्हा पुरातत्त्वाचा वेगळा विभाग, प्रयोगशाळा, गाड्या असलं फारसं काही नव्हतं. सांकळियांनी विद्यार्थ्यांना घेऊन जवळपासचा भाग पायी हिंडायला सुरुवात केली. ज्याला आपण परिसर भेट म्हणतो आणि वर्षातून एकदा कशीबशी उरकतो, ते त्यांनी आयुष्यभर केलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. पंचगंगा घाटावर सगळेच जातात, पण शेजारची ही टेकडी नैसर्गिक नाही हे कितीजणांना माहीत आहे? माणसं एकाच जागी पिढ्यान्पिढ्या राहिली, घरं पडली, त्यावर पुन्हा घरं बांधली, राख, खापरं, कचरा साठत गेला आणि जमीन उंच होत गेली. एकोणिसाव्या शतकातच तिथे जुनी नाणी सापडली होती. 1945-46 मध्ये सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित या दोघांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं, स्वातंत्र्य मिळायचं होतं.

काय निघालं? वरच्या थरात बहमनी काळातल्या वस्तीच्या खुणा. खाली, बरंच खाली, सातवाहन काळातली विटांची घरं. म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव. खापरं, मणी, नाणी आणि घरात रोज लागणाऱ्या कितीतरी वस्तू. याच ब्रह्मपुरीवर काशाच्या वस्तूंचा एक साठा मिळाला, त्यात वीतभर उंचीची एक सुंदर मूर्ती आहे. ती आपल्याकडच्या कुठल्या देवाची नाही. ती पोसायडन, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची. समुद्र कुठे, पंचगंगा कुठे! रोमन साम्राज्याशी आपल्या घाटमाथ्यावरच्या गावांचा व्यापार चालत होता, त्याचा हा पुरावा. कोकणातल्या बंदरात उतरलेला माल घाट चढून इथपर्यंत येत होता. मुलांना नकाशावर भूमध्य समुद्र दाखवा आणि मग कोल्हापूर दाखवा. मधलं अंतर त्यांना बोटाने मोजू द्या. व्यापार हा शब्द मग वेगळा समजवावा लागत नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी पांढरी का दिसते? तिच्यात चुलीची राख, शेण, हाडं, भिंतींची माती असं सगळं शेकडो वर्षं मिसळत गेलेलं असतं. सांकळिया आणि त्यांचे विद्यार्थी नदीकाठाने चालताना नेमकी हीच गोष्ट शोधायचे. काळ्याभोर रानात मध्येच पांढुरका उंचवटा, त्यावर विखुरलेली खापरं, की थांबायचं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत जे ज्ञान आधीच होतं, त्यावरच हे शास्त्र महाराष्ट्रात उभं राहिलं असं मला वाटतं. पुस्तकात हे कुणी अशा शब्दांत लिहीत नाही, पण वर्गात सांगायला हरकत नाही.

1950-51 मध्ये त्यांनी संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे या गावी उत्खनन केलं. या गावात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि लाल रंगावर काळी नक्षी काढलेली मडकी सापडली होती. तशी मडकी पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी निघाली, आणि त्या सगळ्या लोकांच्या संस्कृतीला अभ्यासकांनी नाव दिलं जोर्वे संस्कृती. एका लहानशा गावाचं नाव असं जगाच्या पुस्तकांत गेलं. मग नेवासा. ज्ञानेश्वरीमुळे नेवासे आपल्याला माहीत आहे. तिथेच लाडमोड नावाच्या टेकाडावर 1954 पासून काही वर्षं काम चाललं. अश्मयुगातल्या हत्यारांपासून थेट मध्ययुगापर्यंतच्या खुणा एकाच परिसरात मिळाल्या. तिथे एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तांब्यामुळे त्या मण्यांच्या आतला धागासुद्धा टिकून राहिला होता. तीन हजारांहून अधिक वर्षांचा धागा! कुणीतरी आईने किंवा आजीने ओवलेला. हे वाचलं की सनावळ्या बाजूला राहतात.

नर्मदेकाठचं नावडातोली, गुजरातमधलं लांघणज अशी त्यांनी काम केलेली ठिकाणं पुष्कळ आहेत. ती सगळी इथे देत बसत नाही. पण ज्या एका गावासाठी हा लेख लिहितोय, ते म्हणजे इनामगाव.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. घोड ही भीमेची उपनदी. आजच्या गावाजवळ नदीच्या कडेला पांढरीची टेकाडं होती. 1968 मध्ये तिथे काम सुरू झालं तेव्हा सांकळिया साठीला आलेले. सोबत झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर. काम थोडं थोडं करत 1983 पर्यंत चाललं. भारतात तोपर्यंत बहुतेक ठिकाणी एक-दोन खड्डे खोल खणून थर बघायचे आणि थांबायचं अशी पद्धत होती. त्याने कोणत्या काळानंतर कोणता काळ हे कळतं, पण माणसं राहायची कशी हे कळत नाही. इनामगावात त्यांनी आडवं, मोठ्या क्षेत्रावर खोदायचं ठरवलं. घराशेजारी घर, गल्ली, चूल, अंगण असं अख्खं गाव उघडं करायचं. सव्वाशेच्या वर घरांचे अवशेष त्यांनी असे मोकळे केले.

हे गाव साधारण इ. स. पूर्व 1600 च्या सुमारास वसलं आणि इ. स. पूर्व 700 च्या सुमारास उठलं. म्हणजे नऊशे वर्षं नांदलं. विचार करा, ज्ञानेश्वर महाराजांपासून आजपर्यंत अजून साडेसातशे वर्षंच झालीत.

सुरुवातीच्या आणि मधल्या काळातली घरं चौकोनी, मोठी, कुडाच्या भिंतींची. जमीन चोपून सारवलेली. धान्य ठेवायला जमिनीत पेवं आणि वर कणग्यांसाठी गोल ओटे. जव आणि गहू पिकायचा, वाटाणा, मसूर अशी कडधान्यं होती. गुरं होती. नदीत मासे धरायचे. कुंभाराची भट्टी सापडली. कारागिरांची घरं गावाच्या एका कडेला आणि मध्यभागी एक पाच खोल्यांचं मोठं घर. त्याला लागूनच धान्याचं कोठार. हे घर गावच्या प्रमुखाचं असावं असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. मला यात सगळ्यात विशेष वाटतं ते पाण्याचं काम. नदीचं जास्तीचं पाणी वळवून नेण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. इंजिनिअर नाही, सिमेंट नाही. आमच्या मुरगूडला सर पिराजीराव तलाव आहे, त्याच्यावर गावाचं किती अवलंबून आहे हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाणी अडवायची ही अक्कल किती जुनी आहे ते इनामगावाने दाखवलं.

एका रांजणावर बैलगाडीचं चित्र कोरलेलं मिळालं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी होती, तिच्यात बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि सोबत मातीचा बैल. ही त्यांची कुठलीतरी देवी असावी. घर बांधताना आपणही वास्तूच्या वेळी जमिनीत काहीतरी पुरतोच की.

मुलं वारली की त्यांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून, आडवं ठेवून, घराच्याच जमिनीखाली पुरायचे. लांब नाही, घरातच. मोठ्या माणसांना पुरताना पायाचे घोटे तोडलेले आढळले. मेलेल्या माणसाने उठून परत निघून जाऊ नये, इथेच राहावं अशी त्यामागची समजूत असावी. पालकहो, हा भाग लहान मुलांना सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी पाचवीला सांगतो, पण शेवटी आणि सावकाश. मुलं घाबरत नाहीत. ती बराच वेळ गप्प होतात आणि मग घरातल्या कुणाबद्दल तरी बोलायला लागतात.

एका मोठ्या घरात मात्र चार पायांचा, पोटासारखा फुगीर रांजण निघाला आणि त्यात एक प्रौढ पुरुष बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. तो कोण असेल? प्रमुख असावा. एवढंच म्हणता येतं.

मग गाव उठलं कशामुळे? हा प्रश्न वर्गात विचारलात तर मुलं पटकन लढाई म्हणतील. टीव्हीचा परिणाम. इनामगावात लढाईचं चित्र दिसत नाही. इ. स. पूर्व 1000 च्या आसपास पाऊसमान कमी होत गेलं, हवामान कोरडं झालं, असं अभ्यासकांनी पुराव्यावरून मांडलं. मोठी चौकोनी घरं संपली आणि त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. नक्षीची मडकी साधी झाली. गहू दिसेनासा झाला. शिकार केलेल्या जनावरांची हाडं वाढली. म्हणजे शेती करणारी माणसं हळूहळू गुरं-शेळ्यांच्या मागे फिरणारी झाली. तीन पिढ्यांत नाही, तीनशे वर्षांत. आणि एक दिवस तिथे चूल पेटली नाही. आमच्याकडे वेदगंगेला पूर आला की गावं पाण्यात जातात, दोन दिवसांत होत्याचं नव्हतं होतं. दुष्काळ तसा नसतो. तो घर लहान करत करत गाव संपवतो. घोड नदीच्या काठावर मातीत हे पायरी-पायरीने दिसतं.

वय कसं काढतात, हेही मुलं विचारतात. सोपं करून असं सांगता येतं. जिवंत झाडात, धान्यात एक विशिष्ट प्रकारचा कार्बन असतो. झाड किंवा रोप मेलं की तो ठरावीक वेगाने कमी होत जातो. जळक्या लाकडात, करपलेल्या दाण्यात तो किती उरला हे मोजलं की वय समजतं. म्हणून उत्खननात सोन्यापेक्षा करपलेला दाणा मोलाचा ठरतो. थरांसाठी मी काचेची बरणी घेतो. तळाशी तांबडी माती, त्यावर राख, त्यावर काळी माती, त्यावर वाळू, प्रत्येक थरात एकेक वस्तू, खापराचा तुकडा, मणी, बांगडीचा तुकडा, रुपयाचं नाणं. आधी कुठली वस्तू पडली? खालची. बस, पुरातत्त्वाचा पहिला नियम झाला. पेव, कणगी, कूड हे शब्द मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून यायचं, हा गृहपाठ.

जगात इतरत्रही नदीकाठची अशी गावं गेली, पण सगळीच अशी गेली नाहीत. अमेरिकेतलं लॉस एंजेलिस शहर आपण सिनेमामुळे ओळखतो. तिथल्या नदीकाठी टोंग्वा नावाच्या मूळ रहिवाशांचं यांगा हे गाव होतं. 1781 मध्ये स्पॅनिश लोकांनी त्याच्या शेजारी आपली वसाहत वसवली, पुढे यांगाची माणसं तिथून हुसकली गेली आणि आज त्या भागावर शहराचा मध्य उभा आहे. तिथे गाव माणसांनी उठवलं. पण त्यांचे वंशज आजही आहेत, आपल्या गावांची नावं ते सांगतात, जपतात. इनामगावच्या लोकांचं उलट. त्यांना हाकलणारं कोणी नव्हतं, पण ते आपल्या गावाला काय म्हणायचे, कोणती भाषा बोलायचे, हे सांगायला कोणी उरलं नाही. इनामगाव हे नाव कितीतरी नंतरचं, इनाम या फारसी-अरबीतून आलेल्या शब्दावरून पडलेलं.

सांकळिया पुराव्याच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नसत. रामायणातली लंका मध्य भारतात असावी असं त्यांनी मांडलं तेव्हा बरीच टीका झाली. ते मत पटो न पटो, पण आवडत्या गोष्टीलाही पुरावा मागायचा हा त्यांचा स्वभाव होता. गुजराती मातृभाषा असूनही महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वावर त्यांनी म. श्री. माटे यांच्यासोबत मराठीत पुस्तक लिहिलं. सामान्य वाचकाला कळायला पाहिजे हा आग्रह. 1973 मध्ये ते निवृत्त झाले, पण काम थांबलं नाही. 1974 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी देशभर विद्यापीठांत आणि पुरातत्त्व खात्यात गेले. शिक्षक म्हणून मला त्यांचं हे काम उत्खननाइतकंच मोठं वाटतं.

इनामगावचा सविस्तर अहवाल 1988 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर लगेचच, 28 जानेवारी 1989 रोजी, पुण्यात सांकळिया गेले.

त्यांनी शोधलेली टेकाडं मात्र सगळी सुरक्षित आहेत असं नाही. पांढरीची माती पिकाला चांगली म्हणून ती रानात ओढून टाकायची पद्धत जुनीच. पूर्वी बैलगाडीने चार खेपा व्हायच्या, आता जेसीबी आणि ट्रॅक्टरने अख्खं टेकाड आठवड्यात सपाट होतं. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला त्या मातीत काय आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि ते सांगायचं काम कुणाचं? गावात शाळा असतेच. मुलांना शेतात नक्षीचं खापर, मणी, दगडी हत्यार दिसलं तर ते उचलून घरी न आणता जागा लक्षात ठेवून गुरुजींना सांगायचं, एवढं जरी शिकवलं तरी पुरे. नाणी किंवा मौल्यवान वस्तू जमिनीत सापडल्या तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, 1878 पासून तसा कायदा आहे. हे पालकसभेत जरूर सांगा. बऱ्याच जणांना ते माहीत नसतं.

कोल्हापूरची सहल असेल तर अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस यांच्यासोबत टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय नक्की ठेवा. ब्रह्मपुरीच्या वस्तू तिथे आहेत. आधी ब्रह्मपुरीच्या टेकडीजवळ न्या, नदी दाखवा, मग टाऊन हॉल. उलट क्रमाने नेलं तर मुलं नुसती काचेतली खेळणी बघून बाहेर येतात. पुण्याला जाणं झालंच तर येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावचा तो चार पायांचा रांजण विचारा. जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा दिवस फोनवरून विचारून घ्या, आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक कोरी वही आणि पेन्सिल द्या. फोटो नको, रांजणाचं चित्र काढायला लावा.

ज्यांच्या गावाजवळ पांढरीचं टेकाड आहे किंवा पूर्वी होतं असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात, त्यांनी मुलांकडून त्याचा साधा नकाशा करून घ्यावा. नदी कुठे, ओढा कुठे, आजचं गावठाण कुठे आणि टेकाड कुठे, एवढंच. पुढच्या महिन्यात सहावीच्या भूगोलातल्या नकाशाच्या पाठाला तो उपयोगी पडेल.